बारीक अक्षरं

"अन्या, फोनमधी अक्षरं लई बारीक हायेत. मोठी करून दे की," चतुराबाई लेकाला म्हणायची. "आधी मिशरीचं बोट धू, मग फोनला लाव," असं खेकसून अनिल चौसाळ्याला दुकानावर निघून जायचा.

आई वारल्यावर त्यानं तिच्या फोनची सेटिंग उघडून अक्षरं सगळ्यात मोठी केली. सकाळी पाहिलं, तर पुन्हा बारीक. घरात तो एकटाच. त्यानं परत मोठी केली, तरी संध्याकाळी तेच.

आज मोठी करून तो फोन मांडीवर घेऊन बघत बसला. "आई, चुकलं माझं. आता वाच," पुटपुटला.

अक्षरं लहान-मोठी करायच्या पट्टीवरचा ठिपका हळूहळू मागं सरकला. त्याच्या वाटेनं काचेवर मिशरीचा ओला फराटा उमटत गेला.