हातात हात

मोठी शर्यत संपली आणि कोचने महिनाभर धावायला बंदी घातली. म्हणून बायकोला घेऊन सहलीला आलो. धावण्याचं घड्याळ मुद्दाम घरीच ठेवलं. आता ना वेग, ना अंतर, नुसतं रमतगमत फिरायचं. आपल्या या वैराग्याचं मला भारीच कौतुक वाटत होतं.

त्यात पहिल्याच दिवशी भर बाजारात बायकोने माझा हात हातात घेतला. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. पूल असो, जिना असो, तिने तो सोडलाच नाही. मी मनातून खुललो.

शेवटच्या दिवशी न राहवून म्हणालो, "बघ, माणूस जरा निवांत झाला की संसाराला कसा रंग चढतो."

"कसले निवांत? पुढे कुणी चालताना दिसलं की निघालात त्याला गाठायला. पहिल्या दिवशी काठी टेकत चाललेल्या आजोबांना मागे टाकलंत, वर वळून बघितलंत. तेव्हापासून धरलाय हात."

मी काही बोलणार, एवढ्यात एक आजीबाई पिशव्या सावरत आमच्या पुढे गेल्या.

बायकोने मुकाट्याने पकड घट्ट केली.