कालपर्यंत छान चालत होतं

घरचं नेट बंद पडलं तसं निवृत्त हेडमास्तरांनी फोनवरच कंपनीला फैलावर घेतलं. दुपारी कंपनीचा माणूस आला. त्याने राउटर तपासला, मास्तरांचा मोबाइल चाळला आणि म्हणाला, "सर, तुमचा राउटर केव्हाचा जळालाय. मोबाइल शेजारच्यांच्या वायफायवर चालत होता. त्यांनी काल पासवर्ड बदललेला दिसतोय."

"शेजारच्यांच्या?" मास्तर कडाडले. "कुंपणावरून वाजल्यापासून बारा वर्षं आम्ही त्यांचं तोंड पाहत नाही! त्यांचा पासवर्ड यात घातला कुणी?"

"मी," बायको हळूच म्हणाली. "राउटर जळाला म्हणून तुम्ही घर डोक्यावर घ्याल, या भीतीने शेजारच्या वहिनींकडून घेतला होता."

"मग आता त्यांनी तो का बदलला?"

"काल आमचं दोघींचं भांडण झालं."