कोरी थाळी

“मशीनला पूजाबिजा काही नको हां,” ह्युबर्ट सरांनी दसऱ्याच्या आधीच बजावलं होतं. मरोळच्या त्या लॅबमध्ये लेसरचं नवं जर्मन यंत्र बसलं होतं. वस्तूवर लेसर मारायचा, वरचे रेणू उडवायचे आणि त्यांच्या वजनावरून ते कसले आहेत ते ओळखायचं, हे त्याचं काम. डोळ्याला न दिसणारा डागही त्याच्या तावडीतून सुटत नसे.

लॅबमध्ये नव्याने लागलेल्या सुलक्षणाला मात्र राहवेना. एवढं लाखमोलाचं यंत्र, आणि दसऱ्याला तसंच कोरं? नोकरी अजून पक्की नव्हती, बाहेर हळद लावली तर सरांना दिसणार. म्हणून तिने आतल्या, नमुना ठेवायच्या स्टीलच्या थाळीलाच हळदीचं बोट लावलं आणि लगेच रुमालाने पुसून टाकलं. देवाला पोचलं, सरांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी पहिली चाचणी नुसत्या कोऱ्या थाळीचीच घेतली. कागदावर आलेख उमटू लागला तशी सुलक्षणाची पाचावर धारण बसली. हळदीच्या जागी चांगली टेकडी उभी राहिली होती.

“ही हळद कोणाची?” सरांचा आवाज चढला.

“माझी, सर. पण मी पुसली होती.” मान खाली घालताना तिची नजर कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेली. “सर, इथे मेण पण दिसतंय. हे कुठून आलं?”

ह्युबर्ट सरांनी दार लोटून घेतलं.

“माउंट मेरीच्या चर्चमधली मेणबत्ती,” ते हळूच म्हणाले. “थाळीला नुसती टेकवली होती गं. आणि मी पण पुसलं होतं.”