साबणाचा फेस

हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या गोळीला सहा महिने झाले. ठोके सुधारले, पण जिना चढताना नंदकिशोरांना धाप लागायची. शिवाय निगडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कुठूनतरी हवा सुटल्याचा बारीक आवाज येऊ लागला.

चाकणच्या कंपनीत तीस वर्षं त्यांनी पाइपांमधली गळती शोधली होती. साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला, की गळती तिथंच.

त्यांनी सिलिंडर, नळी, शेगडी, सगळ्याला फेस लावून बघितला. बुडबुडा आला नाही.

"मी श्वास रोखतो. आवाज थांबतो का बघ," ते बायकोला म्हणाले.

चारुलतानं कान दिला. "नाही थांबत. इकडं या जरा."

तिनं त्यांचा शर्ट उघडून छातीला फेस लावला.

श्वास अजून रोखलेलाच होता. डाव्या बरगडीवर बुडबुडा सावकाश फुगत गेला.