टँगोचा डोस

एकशे एकविसावी तबकडीही वाया गेली. दंतवैद्याने सुई उचलली आणि पलंगाकडे पाहिलं. बायको छताकडे बघत पडली होती.

जन्मभर लोकांना ‘आ करा’ म्हणणाऱ्या माणसाला घरच्याच बाईचं तोंड उघडता येईना. याला दैव म्हणतात.

पक्षाघाताच्या झटक्यातून तिचे हातपाय सावरले होते, पण वाचा गेली ती गेलीच. “यायची तर सहा महिन्यांत येते, नंतर आशा धरू नका,” मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा महिने आज संपत होते.

ओळखीचं संगीत ऐकवा, असं वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या. घरात संगीत एकच होतं, ते म्हणजे टँगो या अर्जेंटिनाच्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांचा त्याचा संग्रह. दवाखान्यातून आला की तो वरच्या खोलीत दार लावून ऐकत बसायचा. बायकोला ते ओळखीचं होतं, ते दाराबाहेरून.

आता प्लेअर पलंगाशी आला होता. पहिल्या तबकडीपासून पुन्हा सुरुवात केली होती. नुसतं ऐकवून भागेना, म्हणून तो समजावूनही सांगायचा.

“ही शेवटची हं,” तो म्हणाला. “पेटीसारखं कुरकुरतंय ना, ते बँडोनिऑन. आणि व्हायोलिनं बघ, कशी मुकाट ऐकून घेतायत. ही आणली त्या दिवशी तुझा वाढदिवस होता. मी विसरलो. तू काही बोलली नाहीस. तेव्हा बोलायचं होतंस गं.”

वाद्यं थांबली. नुसती खरखर उरली. त्याने तिचा हात धरला.

“एक शब्द बोल. शिवी दे हवी तर. ‘मेल्या’ म्हण!”

तिचे डोळे भरले. ओठ हलले, आणि घट्ट मिटले.

तेवढ्यात घंटी वाजली. वाचा-उपचाराच्या बाई आल्या.

“काही प्रगती?”

“तुम्हीच सांगा.”

“बरीच आहे की,” बाई त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या.

“कुठे आहे? सहा महिन्यांत ‘अ’ निघाला नाही! तुमच्यापेक्षा पोपट पढवणारे परवडले!”

“कॉफी करता का जरा? आणि जाताना दार ओढून घ्या.”

दर खेपेला हेच. तिची वाचा येईना, पण त्याला कॉफी यायला लागली होती.

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. पुसायला घेतलेल्या फडक्यातच तोंड खुपसून तो लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसलं, दोन कप भरले, ट्रे उचलला. दोन्ही हात अडकलेले, म्हणून दार कोपराने ढकलायला गेला आणि जागीच थबकला.

“रडकुंडीला आलाय हो तो माणूस,” आत बाई म्हणत होत्या. “आज तरी सांगूया ना त्यांना?”

“इतक्यात नको,” बायको म्हणाली. “छत्तीस वर्षांनी आत्ता कुठे ते माझ्याशी बोलायला लागलेत.”