न विझलेली आग
कोलशेतच्या कोळीवाड्यात पालिकेचा बंब वेळेवर पोहोचू लागला, तेव्हा गावकऱ्यांच्या आग विझवणाऱ्या पथकाने थांबायचं ठरवलं. पालिकेचे अधिकारी पथकाचा इतिहास लिहून घ्यायला पथकप्रमुख दामाजींकडे आले. "किती आगी विझवल्या?" "मोजल्या नाय. एक इझली नाय, ती ध्यानात हाय. ब्याण्णव साली आमी कारखान्यात पंप मारत व्हतो, तवा इकडं माझंच घर पेटलं. हिची आय आत व्हती. वाचली नाय." दारात उभ्या त्यांच्या बायकोने मान फिरवली. "तरी पथक सोडलं नाहीत?" "सोडलेलं. आठवड्याने चाळ पेटली. सोबती बोलवायला आले, मी उठलो नाय. मंग हीच बोलली, 'जावा, तिथंबी कुनाची आय असंल.'" अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. पान उलटून त्यांनी विचारलं, "मग बंद करण्याचं कारण काय लिहू?" दामाजींनी खाडीकडे पाहिलं. "लिवा, आता दमलो आमी."