पंचफुलाबाईंची पेटी

दुपारपासून पंचफुलाबाई पेटी भरत होत्या, आणि ती काही भरत नव्हती. दोन पांढरी लुगडी, टॉवेल, फणी, बोटीत मळमळलं तर चोखायला चार लिंबं. त्यापुढे काय न्यायचं ते त्यांना सुचेना.

मूर्तिजापूरच्या दवाखान्यात त्यांची सारी नोकरी सुईणपणात गेली होती. लग्न केलं नव्हतं. गावाला निघायचं म्हणजे कोणासाठी तरी निघायचं. भावजयींच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू नि दुपटी, भाच्यांच्या लग्नाला लुगडी, दीक्षेला नागपूरला गेल्या तेव्हा अख्ख्या गल्लीच्या भाकरी. पेटी गच्च भरून जायची आणि रिकामी होऊन परत यायची.

गोवा मोकळा झाल्यापासून बोट पार पणजीपर्यंत जाते असं मुंबईच्या भाच्याने, श्रावणने, सांगितलं होतं. बाईंनी त्याला तिकीट काढायला लावलं. सोबत येशील का, असंही विचारलं. त्याला रजा नव्हती. बोटीवर बसवून देतो म्हणाला.

शेजारची जाईबाई दारात येऊन टेकली. कोणाचं लग्न आहे का, तिने विचारलं. लग्न नव्हतं. बाळंतपण? तेही नव्हतं. कोणी गेलं की काय? कोणी गेलं नव्हतं.

"मंग कायले चालली बाई?"

"समुद्र पाहाले."

जाईबाई पेटीकडे बघत राहिली. "आन् तिथं कोन हाय तुह्यं?"

"कोनी नाई. पानी हाय."

 जाईबाई उठून गेली.

बाईंनी आदल्या दिवशी सवयीने डबाभर शंकरपाळे तळले होते. तो डबा त्यांनी पेटीत ठेवला. मग बाहेर काढला, मूठभर शंकरपाळे रुमालात बांधून घेतले आणि बाकीचा डबा जाईबाईच्या पोरांना देऊन आल्या. पेटीत अजून अर्धी जागा होती. त्यांनी कपाटातली रेशमी साडी काढली. सेवा संपली तेव्हा स्वतःसाठी घेतलेली, कोणाच्या लग्नातही न नेसलेली. घडी न मोडता ती वर ठेवली आणि कडी लावली.

स्टेशनवर हमाल पुंजाजी धावत आला. त्याची दोन्ही पोरं बाईंच्याच हातांवर जन्मली होती. बाईंची पेटी त्याला ठाऊक होती. मुंडासं नीट करून, गुडघे टेकून त्याने ती दोन्ही हातांनी जोर लावून उचलली, तशी ती एकदम वर आली आणि तो मागे झोकांडला.

"बाई, खाली हाय का पेटी?"

"नाई रे," बाई म्हणाल्या. "माह्यापुरती भरली हाय."

पुंजाजीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पेटी सावकाश डोक्यावर घेतली आणि एका हाताने धरता आली असती तरी दोन्ही हातांनी धरून तो पुढे चालू लागला.